न्हाणीमागची तूर

तूर गेली हे ज्या दिवशी कळलं त्या दिवशी जळबा सेनगावच्या स्टँडवर जीपमध्ये मागच्या फळीवर बसला होता. दिवाळी होऊन गेली होती. ड्रायव्हर बाहेर पान खात उभा होता, जीप गच्च भरली होती, पण त्याला ती भरलेली दिसत नव्हती. जळबाला तो ड्रायव्हर आवडत नव्हता. शेजारी मांडीवर तेलाचा डबा घेऊन बसलेला माणूसही आवडत नव्हता. चैत्रात बायको, रुक्माबाई, गेली तेव्हापासून अंगाला अंग लावून कुणी बसलेलं त्याला खपत नव्हतं, आणि गोरेगाव-सेनगाव जाणं-येणं जीपशिवाय होत नव्हतं. तेवढ्यात ग्यानोबा चढला. गोरेगावचाच, भीमनगरच्या मागं ज्याचं शेत आहे तो. बसायला जागा नव्हती म्हणून तो वरच्या दांडीला धरून वाकून उभा राहिला. बगलेतली एक हिरवी फांदी त्यानं काढली आणि जळबाच्या मांडीवर टाकली.

“घ्या जळबासाहेब. तुमची तूर.”

दोघंतिघं हसले. जळबाला साहेब म्हणणं हा गावातला जुना विनोद होता. तो तालुक्याच्या शेती कार्यालयात मदतनीस होता. शिवारात फिरायचं, उभ्या पिकात आडवंतिडवं चालायचं, पाच जागी थांबून झाडं बघायची, ज्वारीच्या कणसात काणी रोग आहे का, हरभरा मरू लागला का, तुरीचं पान उलटं करून बघायचं, आणि कुठं काय दिसलं ते पर्यवेक्षकाला येऊन सांगायचं, एवढं त्याचं काम. त्यासाठी त्याला पगार मिळत होता, आणि वस्तीतल्या माणसाला पान बघायचा पगार मिळतो याचं काही लोकांना इतक्या वर्षांनंतरही हसू येत होतं. त्यानं फांदी उचलली. पानं बारीक होती, फिकी, त्यावर पिवळसर ठिपक्यांची चाळणी. फांदी पानांनी गच्च भरलेली आणि फूल एक नाही. या दिवसांत तूर पिवळ्या फुलांनी झाकून गेलेली असते. त्यानं पान उलटून बघितलं नाही. बघून उपयोग नव्हता, हा रोग पसरवणारा बारीक कोळी डोळ्याला दिसत नाही. वांझ रोग होता. ग्यानोबा वरून त्याच्याकडं बघत होता आणि त्याला काही विचारत नव्हता.

जीप निघाली. सेनगाव मागं पडलं, खड्ड्यांत माणसं एकमेकांवर आपटू लागली, आणि जळबा त्या एका शब्दापाशी अडकून राहिला. तुमची. ग्यानोबाच्या शेतात पेरलेली, ग्यानोबाच्या बैलांनी डवरलेली तूर त्याची कशी झाली? पण त्याला ते ठाऊक होतं. जुन्या माणसांनी वस्ती, म्हणजे आताचं भीमनगर, गावाच्या उगवतीला टाकली. पावसाळ्यात वारा मावळतीकडून येतो, वस्तीवरून गेलेला वारा गावावर यायला नको, म्हणून. ही गोष्ट कुणी बोलत नाही, ती सगळ्यांना जन्मापासून माहीत असते. त्या वाऱ्याच्या पुढं मग ग्यानोबाचं शेत येत होतं. आणि शेताच्या बांधाला लागून, भीमनगरच्या शेवटच्या घराच्या न्हाणीमागं, छपराएवढी उंच वाढलेली तुरीची झाडं होती. सालं जाऊन सालं आली तरी ती मरत नव्हती, कारण त्यांना बारा महिने न्हाणीचं पाणी मिळत होतं. ते शेवटचं घर जळबाचं होतं. झाडं रुक्माबाईनं लावली होती.

घरी आल्यावर त्यानं कुलूप काढलं नाही. सरळ मागं गेला. झाडं उभी होती. न्हाणी म्हणजे चार दगडी फरशा, पाण्याचा रांजण आणि तीन बाजूंनी तुराट्यांचा कूड. चौथ्या बाजूला, ग्यानोबाच्या शेताकडं, कूड नव्हता, तिथं ही जिती झाडं होती. त्यानं एक फांदी वाकवली. बारीक पानं, तेच ठिपके. शेंड्याच्या दोन फांद्यांना फुलं होती, बाकी झाड पाला घेऊन उभं होतं. त्यानं फांदी सोडून दिली आणि ती उसळून त्याच्या तोंडावर लागली. त्याला राग आला. झाडाचा नव्हे, तिचा. मेलेल्या माणसाचा राग धरू नये असं म्हणतात. असं म्हणणाऱ्यांच्या घरचं कुणी मेलेलं नसतं, किंवा त्यांचं माणूस त्यांना न भांडता राहिलेलं असतं.

ते दोघं या झाडांवरून किती वर्षं भांडले याचा हिशेब नव्हता. नोकरी लागली तेव्हा पहिल्यांदा तो ज्वारीच्या बियाण्याला गंधक चोळत गावोगाव फिरायचा, हातांना वास यायचा, आणि रुक्माबाई त्याला चुलीपासून लांब बसवून वाढायची. भाकरी तोडली की गंधक, कांदा फोडला की गंधक. त्या वासाची तिनं कधी तक्रार केली नाही. मग बदनापूरच्या शेती संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी एकदा सगळ्या मदतनिसांना बोलावून तुरीचं सांगितलं. वांझ रोग जुन्या तुरीवर उन्हाळाभर जगतो, विहिरीच्या कडेची, बांधावरची, परसातली तूर तो पुढच्या सालासाठी सांभाळून ठेवते, नवी तूर उगवली की वारा कोळ्याला तिकडं नेतो. मृगाच्या आधी जुनं झाड शिवारात एक ठेवू नका. जळबानं ते मनापासून ऐकलं आणि घरी येऊन तिला सांगितलं. तिनं परात मांडीवर घेऊन तुरीचे सोले सोलता सोलता ऐकून घेतलं.

“रोग कोळ्याचा. नेतो वारा. अन् नाव ठिवलं बाईचं,” ती म्हणाली. “तुमच्या सायबांना दुसरं नाव सुचलं न्हाई काहून?”

तो म्हणाला, नावाचं काय घेऊन बसलीस, झाडं काढायला लागतील. ती म्हणाली, काढा की. आधी मागून भिंत घाला. ग्यानोबाच्या बांधावर गडी बसून राहतात, त्यांची न्याहारी बराबर मी आंघोळीला जाते तेव्हाच होते. तुमच्या सायबाला म्हणावं, भिंत बांधून द्या, मग रुक्माबाई तुमाला सगळी झाडं मुळासकट आणून देईल. तिचं म्हणणं बरोबर होतं आणि त्याचंही बरोबर होतं, आणि दोघांचं बरोबर असलं की भांडण संपत नाही. तो दरसाल म्हणायचा, यंदा भिंत. दरसाल काहीतरी निघायचं. लेकीचं, सपनाचं, लग्न निघालं, छपराचे पत्रे निघाले. झाडं वाढत राहिली. बाहेर गावोगाव तो लोकांना परसातली तूर उपटायला सांगायचा, आणि संध्याकाळी घरी येऊन त्याच झाडाच्या उकडलेल्या शेंगा मीठ लावून खायचा. तिला त्याचं फार हसू यायचं. वस्तीतल्या बाळंतिणींना, आजाऱ्यांना ती ओटी भरून शेंगा द्यायची. बाकीच्या बायकांनी मग आपापल्या न्हाणीमागं तूर लावली. शेवटी त्यानं बोलणं सोडून दिलं. भांडण तिनं जिंकलं होतं. आता ती नव्हती, आता कुणी आडवं येणार नव्हतं, तो आज कुऱ्हाड घेऊन उभा राहिला असता तरी चाललं असतं. पण हे जिंकणं त्याला नको होतं.

ती काविळीनं गेली. हिंगोलीच्या दवाखान्यात नेलं तेव्हा डोळे हळदीसारखे झाले होते. आधी त्याला ते उन्हाचं वाटलं होतं. मंजुळाबाई, त्याची मोठी भावजय, दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळ्यांच्या देखत म्हणाली, “दुनियाची पानं बघता भावजी. घरातलं बघितलं न्हाई.” ते खरं होतं, म्हणून त्यानं तिच्याशी बोलणं टाकलं. जलदानाच्या दिवशी लोक आले, बुद्धवंदना झाली, जेवणं झाली. जो तो म्हणत होता, सुटली बिचारी. जळबा पत्रावळीपुढं बसून विचार करत होता की ती कुणापासून सुटली. ती कुठं अडकली होती? त्यानं असं विचारलं असतं तर लोकांनी त्याला पाणी दिलं असतं आणि पाठीवरून हात फिरवला असता, आणि तो हात त्याला सोसला नसता. त्यानं मुकाट्यानं जेवून घेतलं. सांत्वनाला येणारी माणसं घरातल्या वस्तूंकडं बघतात हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं. घरात बाई नसली की काय काय पडून राहतं, ते त्यांना बघायचं असतं.

जीपमध्ये फांदी मांडीवर पडली त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पर्यवेक्षक आले. किसनसिंग राठोड. सेनगावजवळच्या तांड्यावरचा माणूस, मोटारसायकलवर फिरणारा, बोलायला मोकळा. ग्यानोबाच्या शेतातून ते दोघं आडवे चालत गेले. बांधाच्या जवळ निम्म्याच्या वर झाडं वांझ होती, जसजसं लांब जावं तसतशी कमी. हे बघायला शाळा शिकावी लागत नाही. आग कुठून लागली ते जळालेलं रानच सांगतं. बांधापुढं धम्मानंदचंही शेत होतं, जळबाच्या थोरल्या भावाच्या पोराचं. तेही गेलं होतं. किसनसिंग बांधावर आला, त्यानं न्हाणीमागची झाडं बघितली आणि जळबाकडं बघितलं. त्याला सगळं माहीत होतं. रुक्माबाईच्या हातच्या शेंगा त्यानंही खाल्ल्या होत्या.

“जळबाभाऊ, सीधी बात सांगतो,” तो म्हणाला. “हे काढा. मी म्हणून सांगून राहिलो. उद्या दुसरा कोणी सांगल तर तुमाला अजून तकलीफ होईल.”

जळबा म्हणाला, साहेब, झाडं माझ्या घरची आहेत, सरकारची नाहीत. हे वाक्य त्याला वीस वर्षं गावोगाव लोकांनी ऐकवलं होतं. ते आपल्या तोंडातून कसं निघालं याचं त्याला नवल वाटलं, आणि ते किती सोपं निघालं याचंही.

दुसरा कोणी सांगणार होताच. तो ग्यानोबा होता, आणि तो एकटा आला नाही. पाचसहा जण होते, एकाच्या हातात कुऱ्हाड होती. सकाळची वेळ होती, जळबा कामाला निघायच्या तयारीत होता. ग्यानोबा ओरडला नाही. तो न्हाणीच्या पुढं उभा राहून झाडांकडं हात करून इतरांना सांगू लागला, की बघा, पाणी यांच्या न्हाणीचं, झाडं यांची, अन् रोग आमच्या पिकाला. वस्तीतून गावाला काय आलं म्हणाल तर हे. एक जण हसला. जळबाला त्यातला प्रत्येक शब्द वेगवेगळा ऐकू आला. पाणी न्हाणीचं होतं, झाडं त्यांची होती, रोग तिथूनच गेला होता. ग्यानोबा जे बोलत होता ते बदनापूरचे शास्त्रज्ञ बोलले होते, तो स्वतः वीस वर्षं बोलत होता, आणि तरी ग्यानोबाच्या तोंडून ते निघालं की ते दुसरंच काहीतरी होत होतं. तेवढ्यात धम्मानंद आला. त्याच्यामागं वस्तीतली पोरं आली. धम्मानंद हिंगोलीला कॉलेजात होता, त्याला बोलता येत होतं. तो कुऱ्हाडवाल्याच्या पुढं जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, “एक फांदी तोडून बघा.”

कुणी तोडली नाही. गलका झाला, आयामाया निघाल्या, मग ती माणसं बांधाबांधानं परत गेली. वस्तीतली पोरं खूश होती. जळबानं धम्मानंदला घरात घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं की ग्यानोबाचं खरं आहे. तुझी तूरसुद्धा याच झाडांनी गेली. पोराचं तोंड क्षणभर उतरलं, मग घट्ट झालं.

“खरं असंल, काका,” तो म्हणाला. “पण खरं हाय म्हणून आज म्हणायचं न्हाई. आज म्हणलं तर ते कायमचं म्हणतील.”

त्या दिवसापासून झाडं त्याची राहिली नाहीत. जाता-येता लोक त्यांच्याकडं बघायचे. वस्तीतले म्हातारे सकाळी येऊन, आहेत ना, म्हणून बघून जायचे, जशी काही ती चौकातली कमान होती. ज्यांनी रुक्माबाईला जिवंतपणी कधी विचारलं नाही ते तिनं लावलेल्या झाडांबद्दल बोलू लागले. जळबाला त्यांचा ग्यानोबापेक्षा जास्त राग यायचा. ग्यानोबा निदान तुरीबद्दल बोलत होता. पौषात काढणी झाली. ग्यानोबाच्या शेतातल्या वांझ तुरी हिरव्यागारच राहिल्या होत्या, त्या त्यानं तशाच कापून बांधावर रचल्या, जळबाच्या न्हाणीसमोर, की येता-जाता दिसाव्यात. जळबा आंघोळीला बसला की झाडांच्या फटीतून तो ढीग दिसायचा. आता आडोशाची गरज नव्हती. पुरुष माणूस कुठंही आंघोळ करतो. तरी तो झाडांच्या बाजूनं बसायचा, ती बसायची तिथं. फरशी तिच्या टाचांनी गुळगुळीत झाली होती, त्याला उगीच वाटायचं की आपण घसरू. पाणी ओतलं की ते मातीच्या चरातून झाडांच्या बुंध्याशी जायचं आणि क्षणात जिरायचं. दररोज तो त्या रोगाला स्वतःच्या हातानं पाणी घालत होता. चर बुजवायला एक खोरं माती पुरली असती.

माघात तो कामावर म्हणून ग्यानोबाच्या विहिरीकडून चालला होता. हरभऱ्यात मर आहे का ते बघायचं होतं. विहिरीच्या थारोळ्याशी, पूर्वी मोटेचं पाणी पडायचं त्या दगडाला लागून, चारदोन तुरीची झाडं होती. कापलेली, पण पाण्यानं परत फुटलेली. जळबा वाकला. बारीक, फिकी पानं, पिवळ्या ठिपक्यांची चाळणी. तो तिथंच खाली बसला. चैत्रापासून पहिल्यांदा त्याला आनंद झाला, आणि तो आनंद चांगला नव्हता हे त्याला कळत होतं, पण त्यानं तो घेतला. विहिरीवरची ही तूर कापली जायची, फुटायची, कापली जायची, फुटायची. ती किती जुनी होती कोण जाणे. पहिला रोग कुणाकडून कुणाकडं गेला, न्हाणीकडून विहिरीकडं की विहिरीकडून न्हाणीकडं, हे आता देवालासुद्धा सांगता आलं नसतं, आणि जळबा देव मानत नव्हता. त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. ते त्यानं दोन महिने पोटात ठेवलं. जीपमध्ये ग्यानोबा समोर बसलेला असला की तो त्याच्याकडं निवांत बघायचा. एवढं निवांत त्याला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

चैत्रात रुक्माबाईला जाऊन वर्ष झालं. सपना हिंगोलीहून आली, लेकरू काखेत घेऊन. वंदना झाल्यावर ती मागं भांडी घासायला बसली आणि झाडांकडं बघत म्हणाली की बाबा, हे अजून ठेवलंय व्हय. जळबा म्हणाला, तुझ्या आईचं आहे. पोरगी भांडं विसळत राहिली. ती भांडखोर नव्हती, आईसारखी तर अजिबात नव्हती, म्हणून तिचं बोलणं त्याला जास्त लागलं.

“आईला झाडं नको व्हती बाबा. आईला भिंत पाहिजे व्हती.”

तो तिच्यावर ओरडला. लेकरू रडायला लागलं. तुला काय कळतं, तू सासरी निघून गेलीस, तू कुठं बघितलंस, ती शेंगा वाटायची, ती या झाडांखाली बसायची, असं तो बोलत राहिला, आणि बोलताना त्याला कळत होतं की ती झाडांखाली बसलेली त्याला एकदाही आठवत नाही. ती झाडांच्या आड उभी असलेली आठवत होती, लुगडं घाईनं गुंडाळताना, बांधाकडं बघत. शेंगा तर लावल्यावर येतातच, आल्या की माणूस वाटतोच. सपना संध्याकाळच्या गाडीनं गेली. जाताना पाया पडली नाही, नुसती येते म्हणाली.

त्या रागात त्यानं ग्यानोबाला गाठलं. गोरेगावच्या बाजारात, चहाच्या हॉटेलात, दहा माणसांच्या पुढं. किसनसिंगही तिथं बसला होता. जळबा उभ्यानंच म्हणाला की ग्यानोबा, तुमच्या विहिरीवरची तूर बघितली का? पान हातात घेऊन बघा. वस्तीतून गावाला काय आलं ते मोजता, तुमच्या विहिरीवरून शिवाराला काय गेलं ते कोण मोजणार? हॉटेलातली माणसं ग्यानोबाकडं बघू लागली. ग्यानोबाचा चेहरा काळा पडला. तो म्हणाला, विहिरीवरची तूर बापजाद्यांपासून आहे, तिला कधी काही झालं नाही. जळबा म्हणाला, रुक्माबाईच्या तुरीलाही कधी काही झालं नव्हतं. कुणीतरी हसलं, आणि या वेळी हसू ग्यानोबाच्या वाट्याला होतं. जळबाला ते पुरलं नाही. त्याला अजून एक घाव घालायचा होता.

“तुमची उपटा,” तो म्हणाला. “तुमी उपटली की माझी उपटतो. सगळ्यांच्या देखत सांगून राहिलो.”

हे तो बोलला ते ग्यानोबा कधीच उपटणार नाही या भरवशावर. या गावात कुणी वस्तीतल्या माणसाच्या सांगण्यावरून आपल्या विहिरीवरचं गवतसुद्धा काढलं नसतं. तो हॉटेलातून निघाला तेव्हा त्याला मोकळं वाटत होतं. झाडं आता सुरक्षित होती. पण किसनसिंगनं तो शब्द खाली पडू दिला नाही. तो त्या बोलण्याचं निमित्त घेऊन घरोघर फिरला, गावात आणि वस्तीतही. जळबा उपटतो म्हणाला, ग्यानोबाशी बोलणं झालंय, तोही हो म्हणालाय, तुम्ही काहून मागं राहता? वस्तीतल्या बायकांनी आधी शिव्या दिल्या. मग एकेक न्हाणीमागची तूर जाऊ लागली. तिथं पोती आली, जुन्या साड्या आल्या, एका घरी मोडकं दार आलं. मंजुळाबाईनं आपली झाडं स्वतः खणून काढली आणि ती भारा करून जळबाच्या दारावरून नेली. वर्षभरात दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. “आता पोत्याच्या आड न्हायाचं,” ती म्हणाली, “तुमाला सांगायला काय जातंय भावजी. तुमचं तुमी कवा काढता?” तो म्हणाला, आधी विहिरीवरची.

वैशाखात एका सकाळी ग्यानोबानं निरोप पाठवला की विहिरीवर या. जळबाला वाटलं भांडण असेल. तो धम्मानंदला न सांगता गेला. विहिरीवर ग्यानोबा एकटा होता, अंगात बंडी, हातात कुदळ. शेजारी खड्डा काढलेला होता. त्यानं राम राम केला नाही. तो कामाला लागला. जुन्या तुरीचं मूळ खोल जातं, जमीन उन्हानं तडकलेली होती, एकेका झाडाला पाऊण तास लागत होता. ग्यानोबाचं वय झालं होतं, दम लागत होता, मध्येच तो कुदळीवर रेलून उभा राहायचा आणि जळबाकडं बघायचा नाही. जळबानं हात लावला नाही. त्याला लावावासा वाटला आणि त्यानं लावला नाही. सगळी झाडं निघाली. ग्यानोबानं ती खड्ड्यात ढकलली, वरून माती ओढली, पायानं दाबली. धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

“मी शब्दाला जागलो,” तो म्हणाला. “वस्तीचं मला ठावं न्हाई.”

जळबा ते वाक्य घट्ट धरून घरी आला. वस्तीचं मला ठावं न्हाई. असं बोलल्यावर कोण उपटील? तो सगळा दिवस त्या वाक्यानं त्याला आधार दिला. तो आधार दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पुरला नाही. सकाळी आंघोळीला बसला तेव्हा त्याला समोर ग्यानोबाच दिसत होता, दम लागलेला, मान खाली घालून खणणारा. त्याचा राग येईना. त्यानं जुना राग आठवून बघितला. कुऱ्हाड, ढीग, जीपमधलं हसणं. एकेक आठवण काढली आणि ती तापण्याआधीच विझली. सहा महिने तो या माणसाच्या विरुद्ध उभा होता आणि आता त्या माणसानं समोरून निघून जाऊन त्याला रिकाम्या जागेत उभं केलं होतं. गावाचा मान राहिला होता, वस्तीचा मानही राहिला होता. आडोसा कुणाला लागत नव्हता. शेंगा कुणी मागत नव्हतं. सपना म्हणाली ते खरं असेल तर ही झाडं रुक्माबाईलाही नको होती. मग ती कुणाची होती?

त्यानं कुदळ काढली. बुंध्याशी बसला. बुंधा मनगटाएवढा जाड झाला होता, साल खरखरीत, एका बाजूनं ती गुळगुळीत होती. तिथं ती हात टेकवून पाय धुवायची. त्यानं कुदळ खाली ठेवली. त्याला रडू आलं नाही. कुणाचा तरी राग येईल म्हणून त्यानं थोडा वेळ वाट बघितली, आणि कुणाचाच आला नाही, आणि ते त्याला रागापेक्षा वाईट वाटलं.

धम्मानंद येऊन म्हणाला, काका, आता कुणाची भीती नाही, म्हणत असाल तर मी काढतो, अर्ध्या दिवसाचं काम आहे. जळबा म्हणाला, राहू दे, मी काढतो. किसनसिंग मोटारसायकल थांबवून नुसता बघून गेला. आधी तो चेष्टा करायचा, मग चेष्टाही करेनासा झाला. ग्यानोबा जीपमध्ये समोर बसायचा आणि काही विचारायचा नाही. लोकांनी बियाणं आणून ठेवलं, या वेळी बदनापूरचं, रोगाला दाद न देणारं, ज्यांना मिळालं त्यांनी. ज्यांना मिळालं नाही त्यांनी घरचंच साफ करून ठेवलं. धम्मानंदला मिळालं नव्हतं.

मृग तोंडावर आला. गोरेगावच्या शिवारात बांधावर, विहिरींवर, परसात कुठंही जुनी तूर राहिली नव्हती. जळबाच्या न्हाणीमागची तेवढी उपटायची राहिली होती.